रहस्यकथेचा आराखडा आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा : सात वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

शंभराच्या गठ्ठ्याने मिळणारी ३ × ५ इंचांची कोरी कार्डे ही लेखनसाहित्यातील अगदी साधी वस्तू आहे, आणि तिचे परीक्षण लिहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मी मात्र गेली सात वर्षे माझ्या प्रत्येक रहस्यकथेचा आराखडा याच कार्डांवर करत आले आहे. त्याआधी वही, भिंतीवर डकवलेला मोठा कागद, संगणकावरचा तक्ता आणि खास कथालेखनासाठी तयार केलेले एक सॉफ्टवेअर अशी सगळी साधने वापरून झाली होती. प्रवासवर्णन किंवा आठवणी लिहिणाऱ्याला मी कार्डांचा आग्रह करणार नाही. त्याला वही पुरते. रहस्यकथा लिहिणाऱ्याला मात्र ती पुरत नाही, आणि का पुरत नाही हे समजायला मला दोन अर्धवट सोडलेल्या कादंबऱ्या लागल्या.

रहस्यकथेत एकाच वेळी दोन गोष्टी रचाव्या लागतात. एक गोष्ट गुन्ह्याची असते. ती तपास सुरू होण्याआधी घडलेली असते आणि तिचा क्रम घड्याळाबरहुकूम चालतो. दुसरी गोष्ट तपासाची असते. ती वाचकासमोर उलगडत जाते आणि तिच्यात पहिल्या गोष्टीचे तुकडे मागेपुढे, अर्धवट, कधी चुकीचा अर्थ लागेल अशा बेताने येतात. प्रसंग तेच, पण घडण्याचा क्रम वेगळा आणि सांगण्याचा क्रम वेगळा. वहीत यांपैकी एकच क्रम मांडता येतो. दुसरा मांडायचा तर तेच प्रसंग पुन्हा उतरून काढावे लागतात, आणि पहिल्या यादीत केलेली दुरुस्ती दुसऱ्या यादीत करायची राहून जाते. माझ्या दोन्ही कादंबऱ्या नेमक्या याच ठिकाणी फसल्या. सुट्या कार्डांवर प्रसंग एकदाच लिहिला जातो, आणि गठ्ठा हवा तेव्हा या क्रमाने, हवा तेव्हा त्या क्रमाने लावता येतो. कार्डांचा मुख्य गुण हाच आहे, आणि बाकीचे सगळे गुणदोष याच कसोटीवर पाहायला हवेत.

हे उदाहरणाशिवाय नीट सांगता येणार नाही, म्हणून माझ्या एका कथेचा आराखडाच समोर ठेवते. एक निवृत्त न्यायाधीश एकटे राहतात. घर सांभाळणाऱ्या बाई आठवडाभराच्या रजेवरून बुधवारी सकाळी परततात, तेव्हा ते अभ्यासिकेत मृतावस्थेत सापडतात. शनिवारी संध्याकाळी त्यांनी एका मित्राशी फोनवर बोलणे केलेले आहे. त्यानंतर त्यांना कोणी पाहिलेले नाही आणि त्यांचा आवाजही कोणी ऐकलेला नाही. दाराबाहेर रविवारपासून बुधवारपर्यंतची चार वर्तमानपत्रे घडीसकट पडून आहेत. म्हणजे मृत्यू शनिवारी रात्री झाला असावा, असा निष्कर्ष सगळे काढतात. वारसदार पुतण्या शनिवार दुपारपासून रविवार दुपारपर्यंत दुसऱ्या गावी, वीस-पंचवीस माणसांच्या नजरेसमोर होता. त्यामुळे तो संशयाच्या बाहेर राहतो.

प्रत्यक्षात खून रविवारी रात्री झालेला आहे. न्यायाधीशांनी रविवारचे वर्तमानपत्र सकाळी आत नेऊन वाचलेलेही होते. पुतण्याने ते नाहीसे केले आणि त्याच दिवसाचा दुसरा, न उघडलेला अंक दाराबाहेर आणून टाकला. हा बनाव दोन गोष्टींमुळे उघडा पडतो. पहिली गोष्ट म्हणजे अभ्यासिकेतले जुने भिंतीवरचे घड्याळ. ते आठ दिवसांचे आहे, म्हणजे एकदा किल्ली दिली की साधारण आठ दिवस चालते. न्यायाधीश त्याला दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता किल्ली देत असत. शनिवारी त्यांचा मृत्यू झाला असता, तर आधीच्या रविवारी दिलेली किल्ली सोमवारी संध्याकाळच्या सुमारास संपली असती. बुधवारी सकाळी मात्र घड्याळ टिकटिकत होते. दुसरी गोष्ट म्हणजे वर्तमानपत्र टाकणारा मुलगा प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने घराचा क्रमांक लिहितो, आणि रविवारच्या अंकावर तो क्रमांक नाही.

वैद्यकीय अहवालाने हा प्रश्न आधीच सुटू नये, याचीही काळजी घ्यावी लागली. मरणोत्तर ताठरता सर्वसाधारणपणे काही तासांत सुरू होते, बारा तासांच्या आसपास पूर्ण होते आणि ३६ ते ४८ तासांपर्यंत ओसरते. उकाड्यात लवकर, थंडीत उशिरा. रविवारी रात्री दहापासून बुधवारी सकाळी दहापर्यंत ६० तास होतात, शनिवारी रात्रीपासून मोजले तर ८४. नेहमीच्या तापमानात दोन्ही हिशेबांनी ताठरता निघून गेलेली असणार, आणि उरलेल्या खुणांवरून डॉक्टरला एका रात्रीचा फरक छातीठोकपणे सांगणे अवघड जाईल. हे सगळे एका कार्डावर बसले. शीर्षक ‘देह काय सांगतो’, खाली तासांचे दोन आकडे. पुढे लिहिताना डॉक्टरच्या तोंडी कोणते वाक्य घालायचे आणि कोणते टाळायचे, हे ठरवायला तेवढे कार्ड पुरेसे होते.

या कथेची पहिल्या फेरीत ३१ कार्डे झाली. घडण्याच्या क्रमाने ती जमिनीवर मांडली, तेव्हा रविवारी रात्री दहा ते बुधवारी सकाळ या पट्ट्यात एकही कार्ड नव्हते. वहीत अशी पोकळी दिसत नाही, कारण तिथे ओळीखाली ओळ येते आणि मधले अडीच दिवस कोऱ्या जागेने दाखवावे असे कोणाला सुचत नाही. जमिनीवर मात्र ती रिकामी फरशी नजरेत भरली आणि तिच्याकडे पाहता पाहता प्रश्न पडला : या अडीच दिवसांत घड्याळाला दुसऱ्या कोणी किल्ली दिली नसेल कशावरून? माझ्या पहिल्या आराखड्यात किल्ली घड्याळाशेजारच्या खिळ्याला टांगलेली होती. कोणीही यावे आणि ती फिरवावी, असे असेल तर माझा सगळा उलगडा पहिल्याच चाणाक्ष वाचकापुढे कोसळला असता. मग मी ती किल्ली न्यायाधीशांच्या कमरेच्या जुडग्यात घातली, ते जुडगे देहाजवळच सापडते असे ठरवले आणि त्यासाठी बत्तिसावे कार्ड लिहिले. ‘घड्याळाच्या किल्लीला हात लावू देत नाहीत’ ही बाईंची तक्रार दुसऱ्या प्रकरणात आली, ती त्या बत्तिसाव्या कार्डामुळे.

आता कार्डाविषयी. ३ × ५ इंच म्हणजे साधारण ७६ × १२७ मिलिमीटर. ग्रंथालयांतील तालिकेची जुनी कार्डेही जवळपास याच मापाची, ७.५ × १२.५ सेंटिमीटरची असत. त्यांची योजना करणाऱ्यांची अडचणही आपल्यासारखीच होती. नवे पुस्तक आले की त्याची नोंद जुन्या दोन नोंदींच्या मध्ये घालता यावी आणि त्यासाठी अख्खी यादी नव्याने लिहावी लागू नये. अठराव्या शतकात कार्ल लिनियस हे वनस्पतिशास्त्रज्ञही आपल्या नोंदी एकसारख्या आकाराच्या सुट्या कागदांवर ठेवू लागले होते, आणि दररोज नव्या जाती हाती येत असणाऱ्याला ते सोयीचे वाटले यात नवल नाही. रहस्यकथेचा धागाही असाच उशिरा सुचतो आणि कथेच्या मध्यभागी घुसवावा लागतो.

मोठी, ४ × ६ इंचांची कार्डेही मी एका कादंबरीसाठी वापरली. त्यांच्यावर दोन-दोन धागे लिहिण्याचा मोह होतो, आणि एका कार्डावर दोन धागे आले की त्यातला एकच पुढे सरकवता येत नाही. लहान कार्डावर एक प्रसंग, एक वेळ, एक ठिकाण आणि हजर असणारी माणसे एवढेच मावते, आणि तेवढेच मावायला हवे. रेघी की बिनरेघी, या प्रश्नाचे उत्तर देवनागरीत लिहिणाऱ्यासाठी स्पष्ट आहे. बहुतेक रेघी कार्डांवर दोन रेघांत सुमारे पाव इंचाचे अंतर असते. रोमन लिपीला ते पुरत असेल, पण आपल्या अक्षरांना शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय यांसाठी जागा लागते. रेघी कार्डावर माझ्या एका ओळीचे उकार दुसऱ्या ओळीच्या वेलांट्यांत अडकत, आणि महिन्याभराने आपलेच अक्षर लागेनासे होई. बिनरेघी कार्डावर सहा ओळी मोकळेपणाने बसतात.

जाडीच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. पातळ कार्डे शाई पिऊन मागच्या बाजूला उमटवतात, दोन-तीनदा पिसली की कडांना वळतात आणि जमिनीवर सपाट बसत नाहीत. माझ्याकडच्या एका गठ्ठ्यातली कार्डे कापतानाच मिलिमीटरभर लहानमोठी झालेली होती. ऐकायला ही बारीक गोष्ट वाटते, पण गठ्ठा अंगठ्याने चाळताना लहान कार्डे दोन मोठ्या कार्डांत दबून राहतात, आणि सापडत नाही ते नेमके हवे असते. विकत घेण्यापूर्वी गठ्ठा टेबलावर आपटून त्याच्या चारही कडांवरून बोट फिरवावे. कड गुळगुळीत लागली तर घ्यावा, खडबडीत लागली तर ठेवून द्यावा.

रंगीत कार्डांविषयी माझे मत हळूहळू बदलत गेले. सुरुवातीला प्रत्येक पात्राला एक रंग दिला होता. पण एका प्रसंगात तीन माणसे असली की कोणता रंग घ्यावा, हे कळत नसे. आता मी तीनच रंग वापरते : घडलेल्या गोष्टींसाठी पांढरा, खऱ्या धाग्यांसाठी पिवळा आणि वाचकाला आडवाटेला नेणाऱ्या चकव्यांसाठी निळा. सांगण्याच्या क्रमाने सगळी कार्डे मांडली की कथेचा तोल दुरूनच दिसतो. पिवळी कार्डे शेवटच्या चौथ्या भागात गोळा झाली असतील, तर वाचकाला अंदाज बांधायला काही दिलेलेच नाही, असे समजावे. निळी कार्डे एकामागोमाग चार आली असतील, तर लेखिका आपल्याला भुलवते आहे हे वाचक ओळखणार. खरा धागा चकव्याच्या लगेच आधी ठेवावा, म्हणजे वाचकाचे लक्ष चकवा ओढून घेतो आणि धागा डोळ्यांसमोर असून निसटतो, हे मला कोणत्याही मार्गदर्शनातून उमगले नाही. पिवळ्या-निळ्या पट्ट्या मागेपुढे सरकवत असताना उमगले. न्यायाधीशांच्या कथेत घड्याळाची टिकटिक अशीच येते. अभ्यासिकेत सगळे गप्प झाले असताना ती एका वाक्यात ऐकू येते, आणि पुढच्याच वाक्यात टेबलाच्या खणात एक धमकीचे पत्र सापडते.

वाचकाशी प्रामाणिक राहण्याची परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि कार्डांनी माझी सर्वांत मोठी सेवा केली ती इथे. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. तपास करणाऱ्याला जो धागा सापडेल तो त्याने वाचकापुढे ठेवलाच पाहिजे, असा त्यांतला एक नियम आहे. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागातच यायला हवा, असा दुसरा. योगायोगाने तपासाला मदत होता कामा नये, हाही त्यांतलाच. १९३० मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘डिटेक्शन क्लब’मध्ये येणाऱ्या लेखकांना तर वाचकापासून महत्त्वाचा धागा लपवणार नाही, अशी शपथच घ्यावी लागे. यांतले काही नियम आज जुने झाले असले, तरी धागे न लपवण्याचा नियम मी पाळते, कारण तो मोडला की वाचकाने कथेला दिलेला वेळ आपण फसवून घेतला, असे होते.

कार्डांवर ही परीक्षा हाताने घेता येते. उलगड्याच्या प्रसंगात तपास अधिकारी जी जी विधाने करतो, त्यांतल्या प्रत्येकाचे एक कार्ड करावे आणि ते हातात धरून सांगण्याच्या क्रमात मागे मागे जावे. त्या विधानाचा आधार कुठे पेरला आहे ते कार्ड सापडले, की दोन्हींवर एकच खूण करावी. जे कार्ड जोडीदाराशिवाय उरेल, तिथे कथेने लबाडी केलेली आहे. माझ्या कथेत असे एक कार्ड उरले, ते वर्तमानपत्रावरच्या पेन्सिलीच्या क्रमांकाचे. उलगड्यात अधिकारी मोठ्या थाटात तो क्रमांक दाखवत होता, आणि त्याआधी संपूर्ण कथेत त्याचा उल्लेख कुठेही नव्हता. मला तो इतका ठाऊक होता की वाचकाला सांगायचे राहूनच गेले आहे, हे ध्यानातच आले नव्हते. मग तिसऱ्या प्रकरणात बाई काचेची भांडी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळत आहेत, असा प्रसंग घातला. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तोच क्रमांक दिसतो आणि अधिकारी तो पाहून न पाहिल्यासारखे करतो. त्यानंतर आणखी एका धाग्याला जोडीदार हवा होता म्हणून एक कार्ड वाढले, आणि एकूण कार्डे ३४ झाली.

एवढे गुण सांगितल्यावर कार्डे कुठे कमी पडतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. ती माणसाच्या मनात शिरू शकत नाहीत. ‘पुतण्या घाबरतो’ असे मी एका कार्डावर लिहिले होते, आणि महिनाभर ते कार्ड या रांगेतून त्या रांगेत फिरत राहिले. तो का घाबरतो, त्याची भीती बोलण्यात कशी दिसते, काकांविषयी त्याच्या मनात द्वेषाखेरीज आणखी काय आहे, हे त्या सहा ओळींत मावणारे नव्हते. ते मी विचारलेही नव्हते, कारण कार्ड आपल्याला ‘काय’ आणि ‘केव्हा’ एवढेच विचारते. त्या कथेचा पहिला खर्डा वाचून एका जाणत्या मैत्रिणीने सांगितले, की कोडे पक्के आहे पण खून करण्याइतका हा मुलगा कुठे चिडलेला दिसत नाही. तिचे म्हणणे खरे होते. तेव्हापासून गुन्हेगाराचे मन मी वहीत, सलग, त्याच्याच तोंडून पाच-सहा पाने लिहून काढते. ती पाने कथेत येत नाहीत. कार्डे हाती घेण्याआधी ती लिहिलेली असावीत, एवढेच.

दुसरा धोका असा, की कार्डे करत राहणे सोपे आणि लिहायला बसणे अवघड. रांगा लावण्यात, खुणा करण्यात, नव्याने उतरवण्यात आठवडे जाऊ शकतात आणि काम झाल्याचे समाधानही मिळते. मी स्वतःला एक मर्यादा घालून घेतली आहे. घडण्याच्या क्रमात पोकळी उरली नाही आणि प्रत्येक उलगड्याला जोडीदार सापडला, की त्याच दिवशी पहिले प्रकरण सुरू करायचे. कथेची भाषा, निवेदकाचा सूर, संवादांची लय यांबाबत कार्डांकडून कसलीही अपेक्षा ठेवू नये.

सॉफ्टवेअरशी तुलना फार लांबवत नाही. तिथेही पडद्यावर कार्डे मांडता येतात, शब्द शोधला की क्षणात सापडतो, आणि मजकूर हरवण्याची भीती कमी असते. दीडशे प्रसंगांच्या कादंबरीत या सोयी मोलाच्या आहेत. पण पडद्यावर एका वेळी दहा-पंधरा कार्डे वाचता येतील इतकी मोठी दिसतात, आणि रिकाम्या अडीच दिवसांची फरशी तिथे दिसत नाही. मी आता आराखडा जमिनीवर करते, आणि तो पक्का झाला की संगणकावर उतरवते.

वापरताना दोन सवयी ठेवाव्यात. प्रत्येक कार्डाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात घडण्याचा क्रमांक आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात सांगण्याचा क्रमांक लिहावा, आणि दोन्ही पेन्सिलीने, कारण दोन्ही बदलतात. मांडलेली रांग गोळा करण्याआधी तिचे छायाचित्र काढावे. पंखा सुरू झाल्याने चाळीस कार्डे उडालेली मी पाहिली आहेत. सहा-सात हजार शब्दांच्या कथेला मला ३० ते ३५ कार्डे लागतात, कादंबरीला १२० ते १५०, म्हणून कादंबरी लिहिणाऱ्याने एकाच जातीचे दोन गठ्ठे एकदमच घ्यावेत. नंतर घेतलेल्या गठ्ठ्याची जाडी जुळेलच, असे नाही.

कथा पूर्ण झाल्यावरही कार्डे टाकून देऊ नयेत. न्यायाधीशांची कथा छापण्यापूर्वी मला सुचवण्यात आले, की देह बुधवारऐवजी मंगळवारी सापडला तर कथा एक दिवसाने आटोपशीर होईल. कथा पुन्हा वाचण्याऐवजी मी घड्याळाची आणि वर्तमानपत्रांची सात कार्डे गठ्ठ्यातून काढून टेबलावर लावली. आधीच्या रविवारची किल्ली सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास संपते. आठ दिवसांची घड्याळे कधी कधी ठरल्या मुदतीपेक्षा बऱ्याच तासांनी उशिरा थांबतात, आणि मंगळवारी सकाळपर्यंत अवघे सोळा तास मध्ये राहतात. जुने घड्याळ तेवढे जास्त चालले असेल, असे पुतण्याच्या वकिलाने म्हटले असते तर माझ्या अधिकाऱ्यापाशी उत्तर नव्हते. बुधवार सकाळपर्यंत चाळीस तास होतात. मी ती सात कार्डे तशीच पाठवून दिली, आणि कथा बुधवारीच सुरू झाली.